चंद्र वेळेवर असतो, राजपत्राचं सांगता येत नाही

काय काम करतेस, असं कुणी विचारलं की मी "सॉफ्टवेअरमध्ये आहे" असं सांगून मोकळी होते. खरं तर त्या कामाचा मोठा हिस्सा म्हणजे एक तक्ता सांभाळणं : कोणत्या देशात कोणत्या तारखेला सार्वजनिक सुट्टी. पगार खात्यात कधी पडणार, परदेशी पाठवलेले पैसे कामाच्या कितव्या दिवशी पोचणार, कराराची मुदत कधी संपणार, हे सगळे हिशेब आमचं सॉफ्टवेअर करतं आणि ते करताना दर वेळी या तक्त्यात डोकावतं. नव्याने आलेला प्रत्येक जण मला कधी ना कधी ऐकवतोच, "ताई, यात वर्षभर बघण्यासारखं काय असतं? जानेवारीत तारखा भरल्या की झालं." तोंडी उत्तर देऊन कंटाळले, म्हणून एकदाचं लिहून ठेवतेय.

आधी सगळ्यात सोपी जात : ठरलेली तारीख. भारताचे २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. अमेरिकेची ४ जुलै. फ्रान्सची १४ जुलै. इथे चुकायला जागाच नाही असं वाटतं. पण तारीख शनिवार-रविवारी आली तर? भारतात सुट्टी सरळ बुडते. २०२१ चा १५ ऑगस्ट रविवारी होता, विषय संपला. फ्रान्स आणि जर्मनीतही बुडतेच. ब्रिटनमध्ये मात्र ती पुढच्या मोकळ्या कामाच्या दिवसावर सरकते, आणि त्यातून गमती होतात. २०२२ मध्ये २५ डिसेंबरला रविवार होता. २६ तारखेची बॉक्सिंग डेची सुट्टी सोमवारी आपल्या जागी ठाण मांडून बसलेली, त्यामुळे नाताळची बदली सुट्टी मंगळवारी, २७ ला गेली. म्हणजे अधिकृत यादीत बॉक्सिंग डे आधी आणि नाताळ नंतर. आमच्याकडे एका बिचाऱ्या टेस्टरने "ओळी उलट्या लागल्या आहेत" अशी तक्रार नोंदवली होती. ओळी बरोबर होत्या.

अमेरिकेच्या केंद्र सरकारचा नियम आणखी वेगळा : सुट्टी शनिवारी आली तर आदल्या शुक्रवारी, रविवारी आली तर पुढच्या सोमवारी. ऐकायला साधा. पण १ जानेवारी २०२२ ला शनिवार होता, म्हणून नववर्षदिनाची सुट्टी ३१ डिसेंबर २०२१ ला मिळाली. १ जानेवारी २०२३ ला रविवार, म्हणून ती २ जानेवारीला. परिणामी २०२१ मध्ये नववर्षदिनाच्या दोन सुट्ट्या झाल्या आणि २०२२ मध्ये एकही नाही. "प्रत्येक वर्षात नववर्षदिन एकदाच येतो" असं धरून लिहिलेला प्रोग्राम इथे तोंडावर आपटतो. मूळ दिवस आणि पाळायचा दिवस असे दोन वेगळे रकाने आमच्या तक्त्यात आहेत ते याचसाठी.

मग काही देशांनी ठरवलं, तारीख धरून बसायचंच कशाला, वार धरू. अमेरिकेने १९६८ मध्ये कायदा केला आणि १९७१ पासून काही सुट्ट्या कायमच्या सोमवारवर नेल्या. जोडून सुट्टी मिळाली की लोक खूश, कारखान्यात आठवड्याच्या मधे काम थांबत नाही म्हणून मालकही खूश. वॉशिंग्टनचा जन्म २२ फेब्रुवारीचा. त्याच्या जयंतीची सुट्टी आता फेब्रुवारीच्या तिसऱ्या सोमवारी. महिन्याचा तिसरा सोमवार १५ ते २१ या तारखांमध्येच येऊ शकतो. म्हणजे कायद्याने अशी सोय केली की जयंतीची सुट्टी खऱ्या जयंतीला कधीच येणार नाही. यावर मी कुणाकडे तरी हसले तर तो म्हणाला, "मग बदलत का नाहीत?" बदलायचं कुणाला असतं? सोमवार मिळतोय ना.

सगळ्यांनी मात्र ते मुकाट्याने घेतलं नाही. माजी सैनिकांचा दिवस ११ नोव्हेंबरचा. पहिल्या महायुद्धाची शस्त्रसंधी त्या तारखेला झाली होती. त्याच कायद्याने तो ऑक्टोबरच्या चौथ्या सोमवारी नेला. लोकांना ते रुचलं नाही, अनेक राज्यांनी ११ नोव्हेंबरच पाळत राहायचं ठरवलं, आणि १९७८ पासून केंद्रालाही तो जुन्या तारखेवर परत आणावा लागला. जी तारीख लोकांच्या मनात रुतलेली असते ती सोमवारच्या मोहाने हलत नाही. जयंतीची हलते. ४ जुलैला तर हात लावायची कुणाची छाती झाली नाही.

जपानने २००० पासून असंच केलं, तिथे त्या पद्धतीचं नावच "हॅपी मंडे". कोलंबियात १९८३ च्या कायद्याने बऱ्याच धार्मिक सुट्ट्या पुढच्या सोमवारवर जातात. अर्जेंटिनात काही सुट्ट्या मंगळवार-बुधवारी आल्या तर मागच्या सोमवारी आणि गुरुवार-शुक्रवारी आल्या तर पुढच्या सोमवारी. हे नियम प्रोग्राममध्ये घालायला अगदी सोपे. मला असे देश आवडतात.

आता आकाशाकडे. लोकांना वाटतं इथून पुढे अवघड. माझं मत उलटं आहे.

जपानमध्ये वसंत संपात आणि शरद संपात (मार्च आणि सप्टेंबरमधले, दिवस-रात्र सारखे असण्याचे दिवस) या दोन्ही दिवशी राष्ट्रीय सुट्टी असते, पण कायद्यात तारीख लिहिलेलीच नाही. "वसंत संपाताचा दिवस", एवढंच. तारीख राष्ट्रीय वेधशाळा गणिताने काढते आणि ती आदल्या वर्षीच्या फेब्रुवारीत राजपत्रात छापली जाते. पुढच्या शतकातला संपातही आज काढता येतो, तरी अधिकृत तारीख एकाच वर्षाची. याच कायद्यात आणखी एक कलम आहे, माझं लाडकं : दोन सुट्ट्यांच्या मधे एकच दिवस अडकला तर तोही सुट्टीचा. सप्टेंबरचा तिसरा सोमवार ज्येष्ठांच्या सन्मानाचा. २०२६ मध्ये तो २१ तारखेला, शरद संपात २३ ला, आणि मधला २२ आपोआप सुट्टी. असं याआधी २००९ आणि २०१५ मध्ये झालं होतं. वाराचा नियम, सूर्याचं गणित आणि कायद्याचं कलम, तिघांनी मिळून एक मंगळवार मोकळा करायचा!

इराणमध्ये नवं वर्ष वसंत संपाताच्या क्षणावरून ठरतं. संपात तेहरानच्या माध्यान्हीच्या आत झाला तर तोच दिवस पहिला, नंतर झाला तर दुसऱ्या दिवशी. न्यूझीलंडने २०२२ मध्ये मातारिकी ही सुट्टी सुरू केली. मातारिकी म्हणजे आपल्या कृत्तिका. तिकडच्या हिवाळ्यात त्या पहाटे पुन्हा दिसू लागतात तेव्हा माओरी परंपरेतलं नवं वर्ष येतं. चांद्र महिन्यावरून काढलेला काळ आणि त्याला जवळचा शुक्रवार, असं ते बसवलंय. त्यामुळे २०२२ ला २४ जून, २०२३ ला १४ जुलै. पण त्या लोकांनी काय केलं, तर २०५२ पर्यंतच्या सगळ्या तारखा काढून कायद्यालाच जोडून टाकल्या. असं काम कुणी केलं की मनातल्या मनात नमस्कार करते.

चंद्राचं गणित थोडं नाजूक. बारा चांद्र महिन्यांचे ३५४ दिवस होतात, सौर वर्षापेक्षा अकराने कमी. हा फरक अधिक महिना घालून भरून काढायचा की तसाच सोडायचा, एवढाच मूळ प्रश्न. भरून काढणाऱ्यांत भारतीय पंचांगं, चिनी आणि ज्यू कालगणना. साधारण १९ वर्षांत ७ अधिक महिने. म्हणून दिवाळी ऑक्टोबर-नोव्हेंबर सोडून जात नाही आणि चिनी नववर्ष जानेवारीच्या उत्तरार्धापासून फेब्रुवारीच्या उत्तरार्धापर्यंतच फिरतं.

नाजूक अशासाठी म्हटलं की चंद्राचा क्षण सगळ्या जगात एकच असला तरी घड्याळं एक नसतात. चिनी पद्धतीत ज्या तारखेला अमावास्येचा क्षण येतो त्याच तारखेला नवा महिना सुरू होतो. १७ फेब्रुवारी २००७ ची अमावास्या घ्या. अमावास्येचा क्षण जागतिक वेळेने १६ वाजून १४ मिनिटांचा. हनोईत तेव्हा रात्रीचे ११:१४ वाजले होते, तारीख १७. बीजिंग एक तास पुढे, तिथे मध्यरात्र उलटून १४ मिनिटं झालेली, तारीख १८. गणिताची पद्धत तीच, चंद्र तोच, पण व्हिएतनामचं नववर्ष १७ फेब्रुवारीला आणि चीनचं १८ ला. १९८५ मध्ये तर दोघांचं नववर्ष जवळजवळ महिनाभराच्या अंतराने आलं होतं : व्हिएतनाममध्ये २१ जानेवारी, चीनमध्ये २० फेब्रुवारी. दोन्ही देशांना एकच सूत्र लावायला निघालेल्यांना मी ही दोन वर्षं काढून दाखवते.

आणि वेळ एक असूनही दोन उत्तरं येऊ शकतात, हे आपण २०२४ च्या दिवाळीत पाहिलं. अमावास्या ३१ ऑक्टोबरला दुपारी सुरू झाली आणि १ नोव्हेंबरला संध्याकाळी संपली. लक्ष्मीपूजन कोणत्या संध्याकाळी? केंद्र सरकारच्या यादीत दिवाळीची सुट्टी ३१ ऑक्टोबरला, शेअर बाजाराची १ नोव्हेंबरला. तिथी किती वाजता संपली यावर वाद नव्हता; त्या तिथीचं काय करायचं यावर होता.

ईस्टरबद्दल मात्र थोडं सविस्तर लिहायलाच हवं, कारण युरोप आणि लॅटिन अमेरिकेच्या अर्ध्या सुट्ट्या त्या एका रविवारच्या शेपटीला बांधलेल्या आहेत. गुड फ्रायडे दोन दिवस आधी, ईस्टर मंडे दुसऱ्या दिवशी, स्वर्गारोहणाचा गुरुवार ३९ दिवसांनी, पेंटेकॉस्टचा सोमवार ५० दिवसांनी. ब्राझीलचा कार्निव्हल ४७ दिवस आधीच्या मंगळवारी. एक तारीख काढली की सगळी माळ हातात येते. नियम पुस्तकात एका ओळीचा : वसंत संपातानंतरच्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार. पण हा नियम खऱ्या आकाशाचा नाही. चर्चने संपात २१ मार्चला खिळवून ठेवलाय आणि पौर्णिमाही कोष्टकातून घेतलीय. २०१९ मध्ये खरा संपात २० मार्चला झाला आणि काही तासांतच, २१ ला, खरी पौर्णिमा. आकाशावर विश्वास ठेवला असता तर ईस्टर २४ मार्चला यायला हवा होता. कोष्टकातली पौर्णिमा मात्र २० मार्चची, म्हणजे २१ च्या आधीची, म्हणून बाद. पुढची धरायची. ईस्टर आला २१ एप्रिलला.

ऐकून वैताग येतो, पण माझ्यासारखीला हे वरदान आहे. कोष्टक कुणाच्या डोळ्यांवर, ढगांवर किंवा मंत्रिमंडळावर अवलंबून नाही. ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिल या पट्ट्याबाहेर जात नाही. सगळ्यात लवकरचा याआधी १८१८ मध्ये आला, पुढचा थेट २२८५ मध्ये. सगळ्यात उशिराचा १९४३ मध्ये होता, पुढचा २०३८ मध्ये. ऑर्थोडॉक्स चर्च बहुतेक ठिकाणी जुन्या ज्युलियन पंचांगावरून काढतात, त्यामुळे २०२४ मध्ये दोन ईस्टरांत पाच आठवड्यांचं अंतर होतं आणि २०२५ मध्ये दोन्ही २० एप्रिललाच. तेही कोष्टकच, दुसरं कोष्टक, एवढंच. ब्रिटिश संसदेने १९२८ मध्ये या भटकंतीला कंटाळून ईस्टर एप्रिलच्या दुसऱ्या शनिवारनंतरच्या रविवारी बांधायचा कायदा मंजूर केला. तो अजून कायद्याच्या पुस्तकात आहे आणि अजून लागू झालेला नाही.

हिजरी कालगणनेत अधिक महिना नाही. म्हणून ईद दर वर्षी अकरा-एक दिवस मागे येत सगळ्या ऋतूंतून फिरते. २०३३ मध्ये ईद-उल-फित्र दोनदा येणार आहे, जानेवारीच्या सुरुवातीला आणि पुन्हा डिसेंबरच्या शेवटाकडे. वर्षात एका सणाची एकच ओळ धरणाऱ्यांना हा दुसरा धक्का. तुर्कस्तान तारखा गणिताने काढून खूप आधी छापून टाकतो. मलेशियात चंद्र बघायला माणसं जातात आणि आदल्या रात्री दूरदर्शनवरून अधिकृत घोषणा होते. भारताच्या केंद्र सरकारच्या सुट्ट्यांच्या परिपत्रकातच म्हटलेलं असतं की चंद्रदर्शनानुसार तारीख बदलली तर ते आकाशवाणी, दूरदर्शन, वर्तमानपत्रांतून ऐनवेळी कळू शकतं, वेगळ्या आदेशाची वाट बघू नका. मला यात प्रामाणिकपणा दिसतो. तारीख एका दिवसाने हलू शकते हे महिनोन्‌महिने आधी ठाऊक असतं, आणि ती एकाच दिवसाने हलते. आमच्या तक्त्यात तिसरा रकाना आहे "अपेक्षित" की "निश्चित" असा, तो मुळात अशाच सुट्ट्यांसाठी काढला होता.

पण आता त्या रकान्यात "अपेक्षित" लिहावं लागतं ते जास्त करून माणसांमुळे.

चीनचं उदाहरण घ्या. तिथे वसंतोत्सव कधी हे शंभर वर्षांचं सांगता येतं, पण सुट्टी कधी हे पुढच्या वर्षाचंही सांगता येत नाही. सलग सात-आठ दिवस मोकळे मिळावेत म्हणून आधी-नंतरचे शनिवार-रविवार कामाचे ठरवले जातात आणि ही मांडामांड मंत्रिपरिषद आदल्या वर्षाच्या शेवटी जाहीर करते. २०२५ ची यादी १२ नोव्हेंबर २०२४ ला आली. २८ जानेवारी ते ४ फेब्रुवारी सुट्टी. २६ जानेवारीचा रविवार आणि ८ फेब्रुवारीचा शनिवार कामाचे. शिवाय त्याच घोषणेत वर्षाच्या सुट्ट्याच ११ वरून १३ केल्या. यासाठी तक्त्यात "सुट्टी नसलेला रविवार" अशी उलटी नोंद ठेवावी लागते. ही सोय नसलेली कितीतरी सॉफ्टवेअरं अजून बाजारात आहेत, आणि ती वापरणाऱ्यांना जानेवारी आला की कळतं.

जपानमध्ये सम्राटाचा वाढदिवस ही सुट्टी. अकिहितो यांचा २३ डिसेंबरचा, नारुहितो यांचा २३ फेब्रुवारीचा. अकिहितो ३० एप्रिल २०१९ ला पायउतार झाले. त्या वर्षीचा २३ फेब्रुवारी उलटून गेला होता आणि २३ डिसेंबर आता सम्राटाचा राहिला नव्हता. २०१९ मध्ये ही सुट्टी आलीच नाही. त्याच जपानने ऑलिंपिक लांबल्यावर २०२१ च्या तीन सुट्ट्या हलवल्या आणि तो कायदा मंजूर केला नोव्हेंबर २०२० च्या अखेरीस. तोवर पुढच्या वर्षाची कॅलेंडरं छापून झाली होती. अनेक भिंतींवर ती चुकीच्या लाल आकड्यांसकट वर्षभर लटकली.

बाकीची नावं भराभर घेते. ब्रिटनने २०२० ची मे महिन्याच्या सुरुवातीची सुट्टी सोमवार ४ वरून शुक्रवार ८ मे वर नेली, दुसऱ्या महायुद्धाच्या युरोपातल्या समाप्तीला ७५ वर्षं झाली म्हणून. सप्टेंबर २०२२ मध्ये राणीच्या अंत्यविधीची सुट्टी जेमतेम नऊ दिवस आधी जाहीर झाली. दक्षिण कोरियाने २७ जानेवारी २०२५ ची सुट्टी त्याच जानेवारीत ठरवली. युक्रेनने २०२३ मध्ये नाताळची ७ जानेवारीची सुट्टी काढून फक्त २५ डिसेंबरची ठेवली. रशियाशी युद्ध चालू असताना तिथे कारण उघड होतं. डेन्मार्कने १६८६ पासून चालत आलेला "मोठ्या प्रार्थनेचा दिवस" २०२४ पासून यादीतून काढला, लोकांनी एक दिवस जास्त काम करावं आणि त्यातून संरक्षणखर्चाला हातभार लागावा म्हणून. ईस्टरनंतरचा चौथा शुक्रवार, सुंदर नियम होता, माझ्या प्रोग्राममध्ये एका ओळीत बसलेला. ती ओळ मी पुसली नाही, "२०२३ पर्यंत" अशी शेपूट लावली, कारण जुन्या करारांचे हिशेब मागे जाऊनही करावे लागतात.

तेव्हा "पुढच्या दहा वर्षांचा तक्ता एकदाच देऊन टाक" असं कुणी म्हटलं की मी देते. ईस्टरची माळ भरलेली असते, न्यूझीलंडच्या मातारिकीपुढे "निश्चित" असतं, ईदपुढे "एक दिवस इकडेतिकडे". चीनपुढे वसंतोत्सवाचा पहिला दिवस भरलेला असतो आणि आजूबाजूच्या शनिवार-रविवारांचे रकाने रिकामे. जपानच्या संपाताला गणिताने आलेली तारीख असते, पण राजपत्र येईपर्यंत तिच्यापुढेही "अपेक्षित"च. एवढंच करा, तक्ता पुढे पाठवताना तो तिसरा रकाना लपवू नका. लपवायचाच असेल, तर खाली माझं नाव ठेवू नका.